मेटाबेसमधला मेटाडेटा डेटा कॅटलॉगमध्ये घेतला, पण लिनिएज निम्मीच आली

केनयार्ड (सांगली) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागात मी काम करतो. वजनकाटा, शेती विभाग, प्रयोगशाळा आणि हिशेब खाते यांच्या नोंदी आमच्याकडे पोस्टग्रेसमध्ये जमा होतात आणि त्यांवर गेली चार वर्षे आम्ही मेटाबेसचे (डेटाबेसमधले आकडे तक्ते-आलेखांत दाखवणाऱ्या साधनाचे) डॅशबोर्ड चालवतो. सुरुवातीला बारा-पंधरा प्रश्न होते. (मेटाबेसमध्ये जतन करून ठेवलेल्या क्वेरीला ‘प्रश्न’ म्हणतात, तोच शब्द पुढे वापरतो.) आज ते ३१२ झाले आहेत. त्यांतले बरेचसे ज्यांनी लिहिले ती माणसे बदली होऊन दुसऱ्या विभागात गेली आहेत, त्यामुळे कोणता आकडा कुठून येतो हे सांगू शकणारे आता दोघेच उरले आहेत आणि त्यांपैकी एक मी आहे.

फेब्रुवारीतल्या आढावा बैठकीत ‘उतारा’ (उसातून निघालेल्या साखरेची टक्केवारी) या एकाच शीर्षकाचे दोन कागद समोर आले. एकावर आजअखेर उतारा १०.४८ होता, दुसऱ्यावर ११.७९. दोन्ही आकडे बरोबर होते. पहिला प्रत्यक्ष पोत्यात भरलेल्या साखरेवरून काढलेला होता, तर दुसऱ्यात बी हेवी मळी (साखर पूर्ण काढण्याआधीच वेगळी केलेली मळी) इथेनॉलकडे वळवल्यामुळे घटलेली साखर हिशेबात परत मिळवलेली होती. एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के पायाभूत उताऱ्याला धरून ठरते. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती क्विंटलला ३५५ रुपये आहे आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढतात, हे इथल्या अनेकांना ठाऊक असेल. तेव्हा कोणता उतारा कोणत्या कामासाठी वाचायचा यात गफलत होऊन चालत नाही. हे दोन आकडे कोणकोणत्या टेबलांमधून आले, हे शोधायला मला दोन दिवस लागले.

त्यानंतर एका वेगळ्या संगणकावर ओपनमेटाडेटा (कोणती माहिती कुठे आहे याची सूची ठेवणारा डेटा कॅटलॉग) बसवला, पोस्टग्रेस आणि मेटाबेस दोन्ही त्याला जोडले आणि मेटाडेटा आत घेण्याचे काम रात्री आपोआप चालेल अशी व्यवस्था केली. काम दररोज हिरव्या खुणेसह पूर्ण होते, त्रुटी दाखवत नाही. तरीही कॅटलॉगमध्ये ३१२ ऐवजी २९७ च चार्ट (मेटाबेसच्या प्रश्नाला कॅटलॉग ‘चार्ट’ म्हणतो) दिसतात आणि त्यांपैकी केवळ १२८ चार्टना लिनिएज आहे, म्हणजे मागे टेबलापर्यंत जाणारी साखळी आहे. ज्या दोन ‘उतारा’ प्रश्नांसाठी हा सगळा खटाटोप केला, त्या दोघांचीही साखळी आलेली नाही.

साखळी कुठे तुटत असावी? मेटाबेसचा स्वतःचा डेटाबेस थेट वाचणे योग्य ठरेल का? आणि आम्ही प्रत्येक गाळप हंगामासाठी नवा डेटाबेस उघडतो. त्याचा या सगळ्यावर काय परिणाम होतो? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.


मिरजजंक्शन यांचे उत्तर

केनयार्ड, आपण आकडे मोजून प्रश्न विचारलात, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. हिरव्या खुणेचा अर्थ एवढाच की जोडणीला जे दिसले ते तिने वाचले. जे दिसलेच नाही त्याची ती तक्रार करत नाही, आणि जे वाचले पण उलगडले नाही त्याचीही बहुधा करत नाही. फार तर लॉगमध्ये एखादी इशाऱ्याची ओळ टाकते.

आधी त्या १५ प्रश्नांचे पाहू. मेटाबेसचा एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमने माहिती मागण्याचा मार्ग) ज्या खात्याने विचारणा करतो त्या खात्याला दिसणारे प्रश्नच परत देतो. आपण कॅटलॉगसाठी वेगळे खाते केले असेल आणि त्याला एखाद्या कलेक्शनचा अधिकार नसेल, तर त्या कलेक्शनमधले प्रश्न जणू अस्तित्वातच नाहीत असे उत्तर मिळते. प्रत्येकाच्या वैयक्तिक कलेक्शनचेही तसेच आहे. प्रशासकाचे खाते वापरले की हे सगळे दिसू लागते. मेटाबेसच्या ४९ व्या आवृत्तीपासून एपीआयसाठी स्वतंत्र किल्ली बनवता येते आणि ती एखाद्या गटाला बांधलेली असते, म्हणून स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमसाठी ती जास्त बरी पडते. नाव आणि पासवर्ड देऊन घेतलेले सेशन मूळ मांडणीत १४ दिवसांनी संपते आणि मग एखाद्या रात्री काम अचानक थांबते.

आता लिनिएज. ती तुटण्याच्या जागा ठरलेल्या आहेत, आणि माझ्या मते आपल्याकडे त्या सगळ्या एकाच वेळी हजर आहेत.

मेटाबेसमध्ये प्रश्न दोन प्रकारे बनतात: माऊसने निवडी करत, किंवा थेट एसक्यूएल (डेटाबेसला विचारणा करण्याची भाषा) लिहून. पहिल्या प्रकारात मेटाबेस एसक्यूएल साठवत नाही, तर स्वतःच्या भाषेतली एक जेसन रचना साठवतो. प्रत्येक प्रश्नाच्या नोंदीत टेबलाचा एक क्रमांकही असतो, परंतु तो केवळ सुरुवातीच्या टेबलाचा असतो. आपण वजनकाट्याच्या खेपांचे टेबल घेऊन त्याला शेतकऱ्यांचे टेबल आणि गटांचे टेबल जोडले असेल, तर त्या क्रमांकावर विसंबणाऱ्या कोणत्याही जोडणीला फक्त खेपांचे टेबल दिसते. जोडलेली टेबले जेसनमध्ये आत शोधावी लागतात. याहून लपलेला प्रकार म्हणजे फॉरेन कीवरून (एका टेबलातून दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणाऱ्या स्तंभावरून) आपोआप होणारी जोडणी: वापरणारा यादीतून नुसते ‘गटाचे नाव’ निवडतो, तेव्हा रचनेत जोडणीचा वेगळा भाग तयारच होत नाही, केवळ त्या स्तंभाच्या क्रमांकाशेजारी तो कोणत्या स्तंभाच्या आधाराने आला याची खूण राहते. हे सर्व हाताने उलगडत बसू नये. मेटाबेसच्या एपीआयमध्ये अशा रचनेचे मूळ एसक्यूएल बनवून देणारा मार्ग आहे (डेटासेट या मार्गाखालचा नेटिव्ह). प्रत्येक प्रश्न त्यातून काढला की जोडण्या, आपोआप आलेल्या जोडण्या, गाळण्या असे सगळे साध्या एसक्यूएलमध्ये समोर येते. शिवाय ही जेसन रचना मेटाबेसची घरगुती बाब आहे, आवृत्तीगणिक तिचे रूप बदलू शकते. एसक्यूएलचे तसे होत नाही.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे हाताने लिहिलेल्या एसक्यूएलमध्ये, अडचण वेगळी आहे आणि आपले दोन्ही उतारे याच प्रकारातले असावेत असा माझा अंदाज आहे. मेटाबेसच्या एसक्यूएलमध्ये दुहेरी महिरपी कंसांत चलाची नावे येतात आणि ऐच्छिक अटी दुहेरी चौकोनी कंसांत लिहिल्या जातात. हे शुद्ध एसक्यूएल नव्हे. लिनिएज काढणारा पार्सर, म्हणजे एसक्यूएल वाचून उलगडणारा प्रोग्रॅम, असा कंस भेटला की तिथेच थांबतो आणि त्या प्रश्नापुरता हात वर करतो. म्हणून पार्सरकडे देण्याआधी मजकूर साफ करून घ्यावा लागतो. साध्या चलाच्या जागी एखादे चालणारे मूल्य घालावे, तारखेच्या जागी तारीख, अंकाच्या जागी अंक. फील्ड फिल्टर असेल तर ते चल म्हणजे एक संपूर्ण अट असते, त्यामुळे तिथे ‘एक बरोबर एक’ अशी नेहमी खरी ठरणारी अट घालावी. तिथे मूल्य घातले तर वाक्य मोडते. चौकोनी कंस मात्र काढावेत आणि आतला मजकूर ठेवावा. अनेक जण कंसासकट मजकूर उडवतात. मीही पूर्वी तसेच करत असे, पण ऐच्छिक अटीच्या आत उपक्वेरी असली तर तिच्यातले टेबल त्याबरोबर हरवते, हे उशिरा लक्षात आले.

महिरपी कंसात चौकटीचे चिन्ह (#) आणि पुढे क्रमांक असेल, तर तो दुसऱ्या प्रश्नाचा संदर्भ असतो. तिथे त्या प्रश्नाचे एसक्यूएल कंसात आणून बसवावे लागते, आणि त्याच्यातही आणखी एखादा संदर्भ असू शकतो. स्निपेटचेही (अनेक प्रश्नांत वापरायला जतन केलेल्या एसक्यूएलच्या तुकड्याचेही) तसेच. माऊसने बनवलेल्या प्रश्नाचा आधार दुसरा प्रश्न असेल, तर टेबलाच्या क्रमांकाच्या जागी ‘कार्ड’ हा शब्द, दोन अधोरेखा आणि प्रश्नाचा क्रमांक येतो. त्याला टेबल समजून शोधणारी जोडणी रिकाम्या हाताने परतते.

शेवटची जागा नावांची. कॅटलॉग टेबलाला सेवा, डेटाबेस, स्कीमा आणि टेबल अशा चार भागांच्या पूर्ण नावाने ओळखतो. मेटाबेसमध्ये मात्र डेटाबेसला आपण दिलेले दर्शनी नाव असते, ‘गाळप मुख्य’ असे काहीतरी. दर्शनी नावावरून जुळवणी करू नका. प्रशासकाला एपीआयमधून जोडणीचा तपशील मिळतो. त्यातला सर्व्हर आणि डेटाबेसचे खरे नाव यांवरून जुळवा. आणि पोस्टग्रेसची बाजू कॅटलॉगमध्ये आधी आलेली हवी, कारण साखळीचे दुसरे टोक बांधायला तिथे टेबल असावे लागते.

साफ केलेल्या एसक्यूएलमधून टेबले मिळाली की ओपनमेटाडेटाच्या लिनिएजच्या एपीआयने ती कडी स्वतः घालता येते. मी हे काम तयार जोडणीनंतर चालणाऱ्या वेगळ्या छोट्या प्रोग्रॅमने करतो. तयार जोडणीच्या आत हात घालत नाही, म्हणजे तिची नवी आवृत्ती आली तरी माझे काम टिकते.


कुपवाड_डेटा यांचे उत्तर

मिरजजंक्शन यांच्याशी सहमत आहे. थेट डेटाबेस वाचण्याविषयी आणि हंगामाविषयी माझा अनुभव जोडतो.

मेटाबेसचा स्वतःचा डेटाबेस वाचता येतो आणि काही गोष्टींसाठी तोच उत्तम आहे, मात्र फक्त वाचण्यासाठी आणि केवळ वाचनाचा अधिकार असलेल्या खात्याने. तिथे लिहिण्याचा मोह कधीही होऊ देऊ नये. प्रश्न, डॅशबोर्ड, कलेक्शन यांच्या व्याख्या मी एपीआयमधूनच घेतो. थेट वाचतो ते क्वेरी एक्झिक्युशनचे टेबल, कारण कोणता प्रश्न केव्हा, कोणत्या निमित्ताने आणि कोणत्या डॅशबोर्डवरून चालला याची नोंद त्यात असते. ३१२ प्रश्नांपैकी जिवंत किती, हे त्यावरून कळते, आणि कॅटलॉगमध्ये वर्णने लिहायला कुठून सुरुवात करायची तेही ठरते.

इथे एक सावधगिरी बाळगा. कोणी उघडत नाही म्हणून प्रश्न मेला असे समजू नका. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, अन्यथा वार्षिक १५ टक्के व्याज लागू होते. त्यामुळे मुदत जवळ आलेल्या देयकांची यादी बहुतेक ठिकाणी रोज सकाळी ई-मेलने जाते. तो डॅशबोर्ड वर्षभर कोणी ब्राउझरमध्ये उघडलेला नसतो आणि तरीही कारखान्यातला तो सर्वांत महत्त्वाचा कागद असतो. म्हणून चालण्याचे निमित्त पाहावे, केवळ माणसांनी उघडल्याची संख्या पाहू नये.

आणखी एक विचारतो. आपला मेटाबेस पोस्टग्रेसवर चालतो की मूळ एचटू फाईलवर? काहीही न सांगता बसवला तर मेटाबेस आपली सगळी माहिती एका एचटू फाईलमध्ये ठेवतो आणि रोजच्या कामासाठी असे करू नये असे मेटाबेसवालेच सांगतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली, तेव्हा मी ज्यांचे काम पाहत होतो त्यांचा तळमजल्यावरचा संगणक पाण्यात गेला. व्यवहारांच्या डेटाबेसचा बॅकअप दुसरीकडे होता, त्यामुळे एकही बिल गेले नाही. पण मेटाबेसची फाईल त्याच संगणकावर होती आणि दोन वर्षांत लिहिलेले सर्व प्रश्न तिच्याबरोबर गेले. आकडे हाताशी होते, ते कसे काढायचे याचे ज्ञान गेले. मेटाबेसमध्ये एचटूतून पोस्टग्रेसमध्ये माहिती हलवण्याची आज्ञा तयार आहे. कॅटलॉगच्या आधी तेवढे करून घ्या.

आता हंगाम. प्रत्येक हंगामाला नवा डेटाबेस उघडण्याची रीत आपल्या भागात बरीच आहे. यात लोक दोन गोष्टी करतात. काही जण मेटाबेसमध्ये नवी जोडणी जोडतात आणि सगळे प्रश्न नव्याने बनवतात; त्यातून ३१२ चे ६२४ होतात आणि एकाच शीर्षकाच्या जोड्या तयार होतात. काही जण जुन्याच जोडणीचा पत्ता बदलून नव्या डेटाबेसकडे वळवतात. स्कीमा आणि टेबलांची नावे तीच असल्याने मेटाबेस त्यांना जुन्या क्रमांकांशीच जुळवतो आणि सर्व प्रश्न जसेच्या तसे चालू लागतात. व्यवहारात ही दुसरी रीत सोयीची आहे, परंतु कॅटलॉगसाठी तीच फसवी ठरते: प्रश्नाचा क्रमांक तोच राहतो, तो वाचत मात्र वेगळा डेटाबेस असतो, आणि कॅटलॉगमध्ये गेल्या हंगामाची कडी तशीच लटकत राहते. नवी कडी तिच्या शेजारी येते. पाहणाऱ्याला वाटते की हा प्रश्न दोन्ही हंगामांमधून आकडे घेतो. पत्ता बदलला त्या रात्री त्या जोडणीवरच्या सर्व जुन्या कड्या काढून नव्याने घालणे, हाच उपाय मला सापडला आहे. शक्य असेल तर हंगाम हा वेगळा डेटाबेस न ठेवता टेबलातला एक स्तंभ करावा, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही. पण चालू गाळपात कोणी त्याला हात लावू देणार नाही, हे मला समजते.


केनयार्ड यांची पुढची नोंद

दोघांचेही मनापासून आभार. आठवडाभर यावर काम केले, त्याचा हिशेब देतो.

हरवलेल्या १५ प्रश्नांपैकी ११ संचालक मंडळाच्या बंद कलेक्शनमध्ये होते आणि चार माझ्या पूर्वीच्या सहकाऱ्याच्या वैयक्तिक कलेक्शनमध्ये. ‘उतारा’चा दुसरा कागद या चारांपैकीच एका प्रश्नाची सुधारित नक्कल होता. प्रशासकाचे खाते वापरल्यावर ३१२ पूर्ण भरले.

लिनिएजसाठी वेगळा प्रोग्रॅम लिहिला. माऊसने बनवलेले सर्व प्रश्न मेटाबेसकडूनच एसक्यूएलमध्ये करून घेतले. त्यातून मला सर्वांत मोठा धक्का बसला तो आपोआप होणाऱ्या जोडण्यांचा. कॅटलॉगमध्ये ज्या १२८ प्रश्नांना आधीच लिनिएज होती आणि जी मी पूर्ण समजत होतो, त्यांपैकी ४१ प्रश्नांत एखादे तरी टेबल गळलेले होते, आणि गळलेले टेबल बहुतेक वेळा लागण, खोडवा आणि आडसाली या ऊसपिकाच्या प्रकारांची नोंद असलेले, म्हणजे ज्याच्या व्याख्येवरून शेती विभागात नेहमी वाद होतो तेच. अर्धवट साखळी दिसत होती, म्हणून मी तिकडे पाहिलेही नव्हते. साखळीच नसती तर निदान शंका आली असती.

हाताने लिहिलेल्या एसक्यूएलमध्ये कंस साफ केल्यावर दोन्ही उतारे उलगडले. पहिला प्रयोगशाळेचे दैनिक टेबल आणि साखर गोदामाचे टेबल यांवरून येतो. दुसऱ्यात त्या दोघांशिवाय आसवनीकडे गेलेल्या मळीच्या नोंदीचे तिसरे टेबल आहे. हे आता एका चित्रात दिसते, आणि फेब्रुवारीत मला लागलेल्या दोन दिवसांच्या जागी अर्धे मिनिट लागते. एकूण २८९ प्रश्नांची साखळी पूर्ण झाली. उरलेल्या २३ पैकी १४ प्रश्न आता अस्तित्वात नसलेल्या टेबलांवर आहेत. मेटाबेसच्या यादीत ती टेबले निष्क्रिय म्हणून खूण केलेली सापडली. बाकीचे नऊ एकेक करून पाहतो आहे.

मेटाबेस पोस्टग्रेसवरच आहे, तेवढी काळजी आधी घेतलेली होती. हंगामाच्या बाबतीत आम्ही पत्ता बदलणाऱ्यांपैकी आहोत, त्यामुळे जुन्या कड्या काढण्याचे काम यादीत टाकले आहे.

आता एक नवी अडचण. कॅटलॉगमध्ये ‘शेतकऱ्यांची देयके’ असे शोधले तर सहा डॅशबोर्डपैकी दोनच सापडतात. बाकीचे चार यादीत खाली जाऊन पाहिले तर आहेत आणि त्यांची नावे अक्षरशः तीच दिसतात. ‘टोळी ॲडव्हान्स’चेही (ऊसतोड टोळ्यांना दिलेली उचल) तेच. हे कशामुळे होत असावे?


लिपीकार यांचे उत्तर

हे कॅटलॉगमुळे होत नाही, आपल्या लिपीच्या संकेतांकांमुळे होते. मराठीत नावे ठेवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी याला तोंड द्यावे लागते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

‘शेतकऱ्यांची’ यातला ऱ्या तीन प्रकारे टंकता येतो. पहिल्या प्रकारात ०९३१ या संकेतांकाचा स्वतंत्र ऱ, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त आणि य. तिसऱ्यात साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक, जो डोळ्यांना दिसत नाही, आणि मग य: ‘शेतकर्‍यांची’. तिन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. कोणता प्रकार उमटेल हे कीबोर्डवर अवलंबून असते, आणि आपल्याकडे चार वर्षांत अनेकांनी वेगवेगळ्या कीबोर्डवरून नावे दिली असणार. शोधयंत्र संकेतांक जुळवते, रूप जुळवत नाही.

युनिकोडच्या एनएफसी या सामान्यीकरणाने पहिला आणि दुसरा प्रकार एक होतात, कारण र आणि नुक्ता हे ऱ चे अधिकृत विघटन आहे. तिसरा मात्र तसाच राहतो, कारण जोडक हे वेगळे चिन्ह आहे आणि सामान्यीकरण त्याला हात लावत नाही. त्यासाठी आपल्यालाच नियम लिहावा लागतो: र, हलन्त आणि जोडक असा क्रम आला की त्याच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवावे. जोडक सरसकट काढून मात्र टाकू नये. तसे केले तर ‘शेतकर्यांची’ असे रेफाचे रूप होते आणि ते अशुद्धच आहे.

‘ॲडव्हान्स’मधला ॲ आणखी वेगळा. स्वतंत्र ॲ युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. त्याआधीपासून लोक अ आणि त्यावर चंद्र देऊन ‘अॅ’ लिहीत आले आणि अनेक कीबोर्ड आजही तेच करतात. या दोहोंमध्ये युनिकोडने अधिकृत समानता मानलेली नाही, त्यामुळे एनएफसीने ते एक होत नाहीत. इथेही स्वतःचा नियम हवा.

नियम कुठे लावायचे, हे महत्त्वाचे. ओळख म्हणून नाव वापरू नका. मेटाबेसचा प्रश्न-क्रमांक वापरा, तो नाव बदलले तरी बदलत नाही. सामान्यीकरण दर्शनी नावावर आणि वर्णनावर करा, तेही कॅटलॉगमध्ये पाठवण्याच्या क्षणी, आणि शक्य झाल्यास एकदा मेटाबेसमधली मूळ नावेही दुरुस्त करा. शोधणाऱ्याने टंकलेल्या शब्दावर आपले नियंत्रण नसते. म्हणून बोलीतला किंवा जुन्या टंकलेखनातला पर्याय शब्दावलीत समानार्थी म्हणून नोंदवून ठेवतो. त्याचा फार उपयोग होतो.

वर्णनांविषयीही सांगतो, कारण आपला मूळ प्रश्न तिथेच आहे. साखळीने दोन उतारे कोणत्या टेबलांतून आले ते दाखवले, पण कोणता कशासाठी वाचायचा हे साखळी सांगू शकत नाही. ते माणसाला लिहावे लागते. शब्दावलीत ‘उतारा’ ही एक नोंद ठेवू नका, दोन ठेवा आणि दोन्ही प्रश्न आपापल्या नोंदीला जोडा. मजकूर प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडून घ्या, संगणक विभागाने तो रचू नये. वर्णनाचे घरही एकच ठेवा. मेटाबेसमध्ये एक आणि कॅटलॉगमध्ये दुसरे असे झाले की वर्षभरात ती दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागतात.

एक कळकळीची विनंती आहे. टेबलांचा नमुना डेटा, म्हणजे काही खऱ्या ओळी, कॅटलॉगमध्ये घेण्याची सोय असते, ती शेतकरी आणि बँक खात्यांच्या टेबलांसाठी बंद ठेवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ सालचा आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी एखाद्याचा खाते क्रमांक कॅटलॉग उघडणाऱ्या प्रत्येकाला दिसावा असे कोणालाही वाटणार नाही. आणि एसक्यूएलचा मजकूरही तपासा. घाईच्या वेळी कोणीतरी एखाद्या सभासदाचा क्रमांक किंवा नाव थेट अटीत लिहून प्रश्न जतन केलेला असतो. चार्टबरोबर एसक्यूएल कॅटलॉगमध्ये जाते आणि ते नावही जाते.


केनयार्ड यांची नोंद

लिपीकार, आपले निदान अचूक निघाले. सहा डॅशबोर्डच्या नावांचे संकेतांक काढून पाहिले: दोन स्वतंत्र ऱ चे, तीन जोडकाचे आणि एक नुक्त्याचे. दोन्ही नियम प्रोग्रॅममध्ये घातले, आता सहाही सापडतात.

एसक्यूएल तपासण्याचे आपण सुचवले ते बरे झाले. पाच प्रश्नांत सभासद क्रमांक थेट लिहिलेले सापडले. ते चलात बदलले आणि कॅटलॉगमधल्या त्या चार्टचा जुना मजकूर काढून टाकला. शेतकरी आणि बँक टेबलांचा नमुना डेटा बंद केला आहे.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी काल दोन्ही नोंदी स्वतः लिहून दिल्या. इतरांना उपयोग होईल म्हणून इथे देतो.

‘दैनिक उतारा, प्रत्यक्ष: त्या दिवशी पोत्यात भरलेली आणि प्रक्रियेतील साखरेच्या फरकाने दुरुस्त केलेली साखर, भागिले त्या दिवशी गाळलेला ऊस. मळी आसवनीकडे वळवल्याची भर यात धरलेली नाही. गोदाम आणि विक्री यांच्या ताळमेळासाठी वाचावा.’

‘दैनिक उतारा, बी हेवी घट मिळवून: वरील उतारा अधिक बी हेवी मळी वळवल्यामुळे झालेली घट. घटीचा आकडा प्रयोगशाळा दररोज निश्चित करते. तो येईपर्यंत हा चार्ट आदल्या दिवसाचा आकडा दाखवतो. ऊसदराच्या हिशेबासाठी हाच वाचावा.’

दुसऱ्या नोंदीतले ‘आदल्या दिवसाचा आकडा दाखवतो’ हे मला स्वतःला चार वर्षांत माहीत नव्हते. एसक्यूएलमध्ये ती अट होती, पण ती का आहे हे कुठेही लिहिलेले नव्हते. त्या चार्टच्या शीर्षकात आता आकड्याची तारीखही दाखवली आहे.

उरलेल्या नऊ प्रश्नांपैकी सात उलगडले. दोन प्रश्नांत डेटाबेसमधल्या एका फंक्शनला हाक मारलेली आहे आणि टेबले त्या फंक्शनच्या आत आहेत, त्यामुळे पार्सरला बाहेरून काहीच दिसत नाही. ती फंक्शने वाचून दोन्ही कड्या हाताने घातल्या आणि त्या हाताने घातल्याची नोंद कडीच्या वर्णनात केली, म्हणजे फंक्शन बदलणाऱ्याला त्या तपासाव्या लागतील हे कळेल.